लोणावळ्याचा दवाखाना पाईंट

मी लोणावळ्याला जाऊन आलो हे कळल्यावर वसतिगृहातल्या मुलांनी फोटो मागितले. माझ्याकडे दोनच निघाले. एकात मावशीच्या सासूबाई दरीकडे पाठ करून उभ्या आहेत, आणि दुसऱ्यात त्या दवाखान्याच्या बाकावर बसून भाजलेलं कणीस खात आहेत. मुलं म्हणाली, "यात लोणावळा कुठाय?"

प्रश्न बरोबर होता. म्हणून हे लिहितोय. ज्यांना दरीची, धबधब्याची माहिती हवी आहे त्यांची यातून निराशा होईल, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही करमाळ्याकडचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. पुण्यात भूगोल घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भूगोल म्हणजे काय हे घरी कोणाला नीट माहीत नाही, त्यामुळे म्हशीचं पोट फुगलं तरी मला फोन येतो. दिवाळीच्या सुट्टीसाठी बॅग भरत होतो तेव्हा असाच आईचा फोन आला.

"दत्ता, इकडं येऊ नको. आधी बेडशाला मंगलकडं जा. तिला लोणावळ्याच्या दवाखान्यात ने."

"काय झालंय मावशीला?"

"बायकांचं हाय. तू काय विचारू नको."

"मग दवाखान्यात काय करू?"

"सगळं नीट समजून घे. फक्त विचारू नको."

मग ती हळूच म्हणाली, "आक्काचं झालं तसं व्हायला नको रे."

आक्का म्हणजे आई आणि मंगलमावशी यांची थोरली बहीण. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं होतं. तिनं ते लपवलं. सांगितलं तेव्हा सोलापूरला नेलं, किरणांचे शेक दिले, सलाईनमधून औषधं दिली, पण फार उशीर झाला होता. 'गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर' हे शब्द मी पहिल्यांदा तेव्हा ऐकले, तेही दाराआडून. आता तेच शब्द घेऊन मला प्रवासाला निघायचं होतं. बसमध्ये बसण्याआधी मी कॉलेजच्या दवाखान्यातून एक माहितीपत्रक आणलं आणि ते भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचलं.

शनिवार, बेडसे

कामशेतला उतरून जीपनं बेडशाला पोचलो. डोंगराच्या पायथ्याशी गाव, वर लेणी, खाली खाचरांत कापलेल्या भाताच्या पेंढ्या. आमच्याकडं नोव्हेंबरात डोळ्यांना इतकं हिरवं बघायची सवय नसते.

मावशीनं ताट वाढलं. आमच्याकडं भात म्हणजे जेवण संपल्याची खूण. इथं भात म्हणजेच जेवण. इंद्रायणी तांदळाचा वास असा की मी आमटीची वाट न बघता नुसताच खाल्ला, आणि भाकरी कधी येते म्हणून पोटात जागा ठेवली. भाकरी आलीच नाही. आणखी भात आला.

"लाजू नको," मावशीच्या सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आजी म्हणतो. बारीक अंगकाठी, मोजके दात, आवाज मात्र दोन खाचरं ओलांडून जाणारा. "करमाळ्याची मानसं जेवत न्हाईत का काय?"

आजी समोर असेपर्यंत मावशी माझ्याकडं बघेना. आजी गोठ्यात गेल्या तेव्हा मी कसाबसा म्हणालो, "मावशी, आई म्हणाली..."

"भात झोडायचं हाय," मावशी म्हणाली.

"सोमवारी गेलो तर?"

"म्हस आटलीया."

म्हशीचा आणि दवाखान्याचा संबंध मला लागला नाही. विचारायचं नव्हतं, म्हणून विचारलं नाही.

रविवार, लेण्यांत

सकाळी मावशीच म्हणाली, "चल, तुला लेणी दाखवते." पायऱ्या चढताना लक्षात आलं की लेणी हे निमित्त आहे. घरात भिंतींना कान होते, म्हणून ती मला डोंगराच्या पोटात नेत होती.

वर दोन बाजूंच्या कातळातून वाट काढत आत गेलं की उंच खांब समोर येतात. त्यांच्या माथ्यावर घोडे आणि हत्ती कोरलेले, वर माणसं बसलेली. त्यापुढं कमानीच्या छताचं मोठं दालन. रविवार असूनही लवकर आल्यामुळे कोणी दिसत नव्हतं. मावशीनं इकडंतिकडं पाहिलं आणि कुजबुजली, "डाग हाय म्हणाल्या."

त्या दालनात कुजबुज करता येत नाही, हे तिला लग्नाला पंधरा वर्षं होऊनही माहीत नव्हतं. छतानं तिचं वाक्य उचललं, घोळवलं आणि आम्हाला परत दिलं. आतल्या स्तूपामागून गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, "ओलीनं पडतात हो डाग. दगडाचं असंच असतं."

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. तिथं मावशीनं सांगितलं ते असं. रेशनकार्डाच्या कामाला ती वडगावला गेली होती. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई तिथं भेटल्या आणि ओढतच तपासणीच्या शिबिरात घेऊन गेल्या. सगळ्या बायका जात होत्या म्हणून हीपण गेली. डॉक्टरीणबाईंनी कसलं तरी पाणी लावलं, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, पांढरा डाग दिसतोय, लोणावळ्याला मोठ्या यंत्राखाली बघून घ्या. त्याला दोन महिने झाले.

"आक्कालाबी डागच आसंल," ती म्हणाली. "आता जाऊन काय करू? तिकडं जाऊन बी आक्का गेलीच की."

आता बोलणं मला भाग होतं. मावशीच्या तोंडाकडं बघून ते बोलणं मला शक्य नव्हतं. म्हणून मी समोरच्या खांबावरच्या घोड्याकडं बघून बोलायला लागलो.

"ते पाणी म्हणजे पातळ व्हिनेगर असतं. चायनीजच्या गाडीवर असतं तसलं. गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी बदलल्या असतील तर तेवढीच जागा पांढरी दिसते. पांढरी दिसली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पुढं होऊ शकतो, इतकंच. त्याला बहुतेकदा वर्षानुवर्षं लागतात. आत्ताच ती जागा काढली तर तो सहसा होत नाही. आक्काला झाला होता, मावशी. तुला बहुतेक अजून झालेला नाही. आणि तो व्हायच्या आधी आपण जाऊ शकतो."

बोलून झालं. वळून बघितलं तर मावशी पलीकडच्या खांबावरच्या हत्तीकडं बघत होती.

"हे खरं हाय का?" तिनं हत्तीला विचारलं.

"माहितीपत्रकात आहे," मी घोड्याला सांगितलं.

"मग जाऊ. पर आत्याबाईंना कळता कामा न्हाई. त्यांना कळलं म्हंजी कामशेतपतूर कळलं. उद्या पिंकीला कोण करून घेईल?"

आत्याबाई म्हणजे आजी. पिंकी ही मावशीची मुलगी, सहावीत आहे. माणूस घाबरला की हिशेब लांबचेच करतो.

युक्ती मावशीनंच काढली. भाच्यानं लोणावळा बघितला नाही, त्याला फिरवून आणते म्हणून सांगायचं. पर्यटक व्हायचं.

ही युक्ती किती धाडसाची होती ते मला नंतर कळलं. मावळातला माणूस लोणावळ्याला दूध घालायला जातो, कामाला जातो, रेल्वे बदलायला जातो. फिरायला कोणी जात नाही. रात्री काकांनी ऐकलं तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. काका म्हणजे मावशीचे यजमान; ते चाकणकडच्या एका कंपनीत शिफ्टला जातात. "फिरायला? आपन?" ते म्हणाले. "बघायचं काय हाय तितं? मुंबईचीच मानसं की!"

मावशी उत्तर जुळवत होती तेवढ्यात आजींनी ताटलीत हात धुतला.

"मी बी येते," त्या म्हणाल्या. "जलम गेला लोनावळ्याच्या बाजूला. येवढ्या गाड्या भरभरून काय बघाय येत्यात ते तरी बघू."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. मी भाताकडं पाहिलं.

सोमवार, लोणावळा

स्टेशनवर उतरल्यावर ठरल्याप्रमाणे मावशी म्हणाली, "हितं माझी एक मैत्रीण हाय. तिला भेटून येते. तंवर दत्ता तुमाला पाईंट दावंल."

"कंची मैत्रीण?" आजींनी विचारलं. "तुजी मैत्रीण मला ठावं न्हाई?"

पण मावशी रस्ता ओलांडून गेलीही होती. ती गेली त्या दिशेकडं मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो. तिच्या पिशवीत बदलायला एक साडी होती आणि शिबिरातला कागद होता. बरोबर कोणी नव्हतं.

मी आजींना रिक्षानं दरीच्या कडेला नेलं. नोव्हेंबरचं ऊन पडलं होतं आणि खाली धुकं विरत होतं. भूगोलाच्या पुस्तकात सह्याद्रीचा कडा म्हणून एक रेघ असते. ती रेघ माझ्या पायाशी सुरू होऊन खाली कोकणात पडत होती.

आजींनी एकदा वाकून बघितलं. "मंग?" त्या म्हणाल्या.

"दरी आहे, आजी."

"ती दिसतीया. पर आसल्या ठिकानी आमी जनावरं जाऊ देत न्हाई. हितं पोराबाळांना घिऊन येत्यात? आन् हसत्यात?"

मग त्यांनी दरीकडं पाठ केली आणि माणसं बघायला लागल्या. ते मात्र त्यांना फार आवडलं. एक जोडपं कठड्यावर टेकून स्वतःचाच फोटो काढत होतं. आजींनी त्यांना सांगितलं, "बाई, मागं बघ, पडशीला." ती म्हणाली, "थँक्यू आंटी." आजींना कोणीतरी पहिल्यांदाच आंटी म्हणालं होतं. त्या खुशीत त्यांनी भाजलेलं कणीस मागितलं, आणि कणीसवाल्याशी वाद घातला की हे कालचं आहे.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मंगल यांचे भाचे का? दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. डॉक्टरांनी बघितलंय, उपचार आजच होईल. पण नंतर घरी न्यायला कोणीतरी सोबत हवं. त्या म्हणतात, भाचा दरी बघायला गेलाय."

हे वाक्य अजून माझ्या कानात आहे. मी लगेच परतीची रिक्षा केली.

"कुटं निघाला?" आजी कणीस सांभाळत म्हणाल्या.

"अजून एक पाईंट राहिलाय, आजी."

रिक्षा दवाखान्यासमोर थांबली. आजींना वाचता येत नाही, पण फिनेलचा वास येतो. त्या उतरल्या, इमारतीकडं खालून वर बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो कंचा पाईंट?"

मला खोटं पटकन सुचत नाही. "हा दवाखाना पाईंट," मी म्हणालो.

बायकांच्या तपासणीच्या खोलीबाहेर एक बाक होता आणि बाकावर तीन पुरुष. मी शेजारी बसताच पहिला म्हणाला, "मी ब्लडप्रेशरसाठी आलोय." मी काही विचारलं नव्हतं. दुसऱ्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलंच नव्हतं. तिसरा भिंतीवरचं एक चित्र सोडून बाकी सगळी भिंत वाचत होता. त्या चित्रात बाईच्या पोटाचा आतला भाग रंगवला होता.

सिस्टर बाहेर आल्या. "मंगल यांच्यासोबत कोण?"

मी उभा राहिलो आणि खिशातून पेन काढलं. घरातला शिकलेला मी, सही माझीच लागणार. "कुठं करू?"

"सही त्यांची त्यांनी केली. नवऱ्याचीपण लागत नाही, तुमची कशाला?"

मी पेन परत ठेवलं. तेवढ्यात मागून आजींचा आवाज आला. "मंगल? आमची मंगल?"

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी खाली बघून, अडखळत, सगळं सांगितलं. वडगाव, डाग, दोन महिने, आक्का. माहितीपत्रकातले शब्दसुद्धा जसेच्या तसे सांगितले. वाटलं, आता आजी ओरडणार आणि ते कामशेतला ऐकू जाणार.

आजी ओरडल्या नाहीत. इतक्या हळू बोलल्या की मला ते जास्त लागलं.

"पोर आत येकली पडलीया, आन् तू मला दरी दावत बसला व्हय रं?"

"तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं, आजी. मावशी घाबरली होती."

"मला? मी काय वाघ हाय?"

हेल्मेटवाल्यानं काच खाली घेतली. आजींनी कणीस माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि सिस्टरच्या बाजूनं आत निघून गेल्या.

आत काय झालं ते मावशीनं मला नंतर सांगितलं. तिला टेबलावर झोपवलं होतं. दारात सासू दिसल्याबरोबर ती डोक्यावर पदर घ्यायला उठायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, "अहो, हलू नका!" आजींनी तिचा हात धरला. "पड गप," त्या म्हणाल्या. "हितं मी सासू न्हाई. हितं मी फिरायला आलीया."

डॉक्टरांनी मोठं करून दाखवणाऱ्या यंत्रातून पुन्हा बघितलं. डाग लहान होता आणि वरवरचा होता. तपासणीला पाठवायला एक बारीक तुकडा काढला आणि तापलेल्या टोकाचं एक उपकरण त्या जागेवर थोडा वेळ टेकवलं. पाळीच्या वेळी येते तशी कळ आली. एवढंच. ज्याला घाबरून दोन महिने घालवले ते आटपायला कणीस गार व्हायचा वेळही लागला नाही. मी हातात धरून बसलो होतो, म्हणून मला माहीत आहे.

मावशी आत पडून राहिली आणि सिस्टरनी पथ्य सांगायला मला बोलावलं. आजी बाकावर बसल्या आणि कणीस परत घेतलं. फोटो तेव्हाचा आहे.

"काही दिवस पाणी जाईल, घाबरायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "जास्त रक्त गेलं, ताप आला, घाण वास आला तर लगेच यायचं. जड उचलायचं नाही. आणि महिनाभर नवऱ्यापासून लांब झोपायचं."

मी छताकडं बघितलं. तिथं ना घोडा होता ना हत्ती, नुसता पंखा होता.

"ते माज्याकडं लागलं," आजी म्हणाल्या. "त्याला गोठ्यात घालते."

मग त्यांनी विचारलं, "पर बाई, ह्ये हुतं कशानं?"

सिस्टरनी त्या चित्रावर बोट ठेवलं. "एक विषाणू असतो, आजी. नवराबायकोच्या संबंधातून येतो. संसार करणाऱ्या कोणालाही लागू शकतो, त्यात कोणाचं वागणं वाईट असं काही नसतं. बहुतेक बायकांच्या अंगातून तो आपोआप जातो. काहींच्यात मुक्काम करतो, त्यांचा असा डाग होतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तर काही त्रास नसतानाच तपासायचं. तिशीनंतर प्रत्येकीनं."

"म्हंजी येतं बाप्यांकडनं," आजी म्हणाल्या, "आन् टेबलावर चडायचं बायांनी."

बाकावरचे तिघंही एकाच वेळी पंख्याकडं बघायला लागले.

"घरात मुलगी आहे का?" सिस्टरनी विचारलं. "नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना याची लस देतात. आधीच दिली तर चांगलं संरक्षण मिळतं. मोठेपणी तपासणी मात्र करायचीच."

"पिंकी हाय. आनते." आजींनी कणसाचा शेवटचा दाणा सोलला आणि आवाज जरा खाली आणला. "आन् माजं? माजं समदं बंद हून लय वर्सं झाली."

"कधी तपासलंय?"

"कदीच न्हाई."

"मग एकदा बघून घ्या. आणि बंद झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी लगेच यायचं. घरात सांगायला लाजायचं नाही."

आजींनी माझ्याकडं बघितलं. त्यांना आक्का आठवली असेल असं मला वाटलं. मग त्यांनी कणसाचं बुरकुंड माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्यांदा आत गेल्या. त्यांचं सगळं ठीक निघालं.

परत बेडसे

येताना मावशीनं हट्टानं चिक्की घेतली. फिरायला गेलो होतो याचा पुरावा पाहिजे ना! आजींना सगळं कळलं होतं तरी गाव बाकी होतं.

अंगणात हमीदाभाभी बसल्या होत्या. त्या गावोगाव बांगड्या भरतात, त्यामुळे मावळातली बातमी त्यांच्या टोपलीतून जाते. मावशीनं मोठ्या तोंडानं चिक्कीचा पुडा पुढं केला.

भाभींनी पुडा उलटासुलटा बघितला. "मंगल, कोन आजारी हाय गं?"

"क... कोन न्हाई. फिरायला गेलतो."

"आपल्यातलं कोन लोनावळ्याची चिक्की इकत घेतं? काय तरी झाकायचं आसल तरच!"

मावशीचा चेहरा उतरला. पुरावाच उलटला होता. आम्ही पर्यटक व्हायला गेलो आणि पर्यटकासारखं वागलो म्हणून पकडले गेलो. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आजी आधी बोलल्या, आणि यावेळी त्यांच्या नेहमीच्या आवाजात.

"सुनंला दवाखान्यात नेलतं! कॅन्सर व्हायच्या आदीच डाग जाळून आनला. आक्कल लागती त्याला. मी बी दावून आले. हमीदा, तू कदी जातीस?"

पलीकडच्या खाचरात भात झोडणं थांबलं.

भाभींनी चिक्कीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ चघळला. मग टोपली जरा बाजूला सारून हळूच म्हणाल्या, "दुकतं का गं?"

दुसऱ्या दिवशी काका गोठ्यातून केसांत गवत घेऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, "दत्ता, तू शिकलेला. माझं काय चुकलं ते तरी सांग."

मी त्यांना समजावलं. म्हशीकडं बघून.

घरी

मावशीच्या तुकड्याचा रिपोर्ट नंतर आला. कॅन्सर नव्हता. वर्षानं पुन्हा बोलावलंय. आईला हे सांगितलं तेव्हा ती देवापाशी जाऊन बसली आणि डोळे पुसतच बाहेर आली. मी तो क्षण साधला.

"आई, आता तू कधी जातेस?"

"मला काय झालंय?"

"मावशीलापण काही झालं नव्हतं. तालुक्याला होते तपासणी."

"कांद्याची लागण हाय," आई म्हणाली.

"त्यानंतर?"

"म्हस आटलीया."

मला एकदम लेण्यांतलं ते वाक्य परत देणारं दालन आठवलं. मी वाद घातला नाही. मावशीला फोन केला.

चार दिवसांनी एसटीतून दोघी उतरल्या. आजींच्या हातात इंद्रायणीची पिशवी आणि मावशीच्या हातात चिक्कीचा पुडा. आईची धांदल उडाली. बहिणीच्या सासूबाई पहिल्यांदाच आमच्या घरी येत होत्या.

"असं अचानक?" ती म्हणाली. "कळवलं असतं तर..."

"फिरायला आलो," आजी म्हणाल्या.

"अहो, आमच्या गावात काय हाय फिरायला? पाण्याची टाकी, मारुती, आन् वाळलेला ओढा."

आजींनी ओसरीवर बूड टेकलं. गुळाचा खडा तोंडात टाकला, वर पाणी प्यायलं.

"आसू दे," त्या म्हणाल्या. "मला दऱ्याखोऱ्या बघायची हौस न्हाई. तू लुगडं बदल आन् दवाखाना पाईंट दाव. मंगल तुजा हात धरंल."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी बॅगेतून माहितीपत्रक काढायला लागलो, तर मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे ते," आणि बहिणीला आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथं त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. आमच्या घराचं छत पत्र्याचं आहे, त्याला लेण्यांसारखा आवाज फिरवता येत नाही.

बाहेर आली तेव्हा आईनं ठेवणीतली साडी नेसली होती.